मॉडेल आडवं, जॉब उभा

गेल्या अंकात बोलता बोलता लिहून गेलो, की बाहेरून आलेलं मॉडेल कॅममध्ये, म्हणजे मशीनचा प्रोग्राम बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, उघडलं की पहिली पाच मिनिटं माउस बाजूला ठेवा आणि ड्रॉइंग घेऊन मशीनजवळ जाऊन उभे राहा. त्या एका वाक्यावर जेवढी पत्रं आली, तेवढी इन्सर्टच्या (कटरला बसणाऱ्या टिपांच्या) ग्रेडवर दोन वर्षं लिहूनही आली नव्हती. तेव्हा हा अंक त्या पत्रांचा. नाव कोणाचंच छापत नाही. बडोदं कितीही पसरलं तरी मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत सगळे एकमेकांना ओळखतात.

प्रश्न : काका, मी मकरपुरा जीआयडीसीत एका जॉबशॉपमध्ये आठ महिन्यांपासून प्रोग्रामिंग करतो. ग्राहक स्टेप फाइल (पार्टचं त्रिमितीय मॉडेल) पाठवतो. त्याच्या पडद्याच्या फोटोत पार्ट ताठ उभा असतो, आमच्याकडे उघडला की पाठीवर पडलेला. मी एक्सभोवती ९० अंश फिरवतो. कधी सरळ होतो, कधी पालथा. फाइल येता येता बिघडते का?

उत्तर : फाइल बिघडत नाही, बाळा. ‘वर’ म्हणजे कुठे, यावर दोन माणसांचं एकमत नाही एवढंच.

डिझाइनरचं जग म्हणजे त्याच्या समोरचा पडदा. एक्स उजवीकडे, वाय वर, आणि झेड पडद्यातून बाहेर त्याच्या नाकाकडे. सॉलिडवर्क्स या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये फ्रंट प्लेन म्हणजे एक्स-वाय, त्यामुळे तिथे उंची वायमध्ये जाते. फ्यूजनमध्ये वाय वर ठेवायचा की झेड, हे सेटिंगमध्ये ठरवता येतं, म्हणजे एकाच ऑफिसातल्या दोन टेबलांवरही फरक पडू शकतो. मशीनला पडदा नसतो, स्पिंडल, म्हणजे फिरणारा दांडा, असतो. आयएसओ ८४१ हे मानक सांगतं, की झेड स्पिंडलच्या दिशेने धरायचा आणि टूल जॉबपासून (कापायच्या तुकड्यापासून) लांब जातं ती त्याची अधिक दिशा. व्हीएमसीवर, म्हणजे उभ्या मिलिंग मशीनवर, स्पिंडल उभा, म्हणून झेड वर. लेथवर तोच झेड आडवा होतो. तेव्हा ग्राहकाचा वाय तुझा झेड झाला पाहिजे, बस.

आता उजवा हात पुढे कर. अंगठा एक्सकडे धरला की बोटं वायकडून झेडकडे वळतात. वळण्याची ही दिशा म्हणजे अधिक ९०. मॉडेल एक्सभोवती अधिक ९० फिरवलं की त्याचा वाय वर येतो आणि डिझाइनरच्या नाकाकडे असलेली समोरची बाजू मशीनवर ऑपरेटरच्या पोटाकडे येते. उणे ९० टाकलंस तर पार्ट पालथा. एवढ्यावर निम्मे घोटाळे सुटतात. उरलेले निम्मे सुटत नाहीत, कारण एक डिझाइनर पहिलं स्केच फ्रंट प्लेनवर काढतो, दुसरा टॉपवर, तिसरा असेंब्लीत जिथे जागा मिळाली तिथे. म्हणून ‘९० फिरवायचं’ हे पाठ करून ठेवू नकोस.

मी तर म्हणतो मॉडेल फिरवूच नकोस. ते जिथे पडलंय तिथे पडू दे आणि आपला अक्षसंच त्याच्यावर नेऊन बसव. प्रत्येक कॅममध्ये ही सोय आहे, नाव वेगळं. मास्टरकॅममध्ये प्लेन्स, सॉलिडकॅममध्ये कोऑर्डसिस, पॉवरमिलमध्ये वर्कप्लेन, फ्यूजनमध्ये सेटअपच्या आत वर्क कोऑर्डिनेट सिस्टम. सगळ्यांना हवं असतं तेच : एक सपाट पृष्ठ दाखव, त्याच्या काटकोनात झेड. एक कड दाखव, तिच्या दिशेने एक्स. एक बिंदू दाखव, तिथे शून्य. बाण उलटे दिसले तर फ्लिप.

हे कुठे तरी पाहिल्यासारखं वाटत नाही? जॉब पकडणाऱ्या फिक्स्चरचा तीन-दोन-एकचा नियम हाच. खाली तीन टेकू दिले की जॉब डुलत नाही, बाजूला दोन दिले की फिरत नाही, टोकाला एक दिला की सरकत नाही. सुट्या वस्तूच्या सहा हालचाली सहा टेकूंनी बंद. पृष्ठ म्हणजे तीन टेकू, कड म्हणजे दोन, बिंदू म्हणजे एक. आणि हे सहा टेकू वाइसमध्ये (जॉब आवळून धरायच्या शिकंजात) जिथे आहेत तिथेच पडद्यावर हवेत. पॅरललवर (जॉबखालच्या पट्ट्यांवर) बसणारं पृष्ठ, फिक्स जॉला (न हलणाऱ्या जबड्याला) टेकणारी बाजू, स्टॉपरला लागणारं टोक. म्हणूनच मी आधी मशीनजवळ जायला सांगतो. वाइस पाहिल्याशिवाय पडद्यावर झेड ठरवणं म्हणजे मुलगी न पाहता मांडव घालणं.

मॉडेल का हलवायचं नाही, याला आणखी एक कारण आहे. हालोलकडच्या गाड्यांच्या कामात पार्ट बऱ्याचदा गाडीतल्या जागेवरच काढलेला येतो. शून्य पुढच्या चाकांच्या आसाजवळ, आणि तुझा तळहाताएवढा ब्रॅकेट तिथून दोन-अडीच मीटर मागे हवेत लटकलेला. फाइल उघडली की पडदा रिकामा दिसतो आणि नवा मुलगा म्हणतो, काही आलंच नाही. झूम टू फिट कर, सापडेल. त्याला ओढून शून्यावर आणलंस तर आज बरं वाटतं, पण पंधरा दिवसांनी सुधारित फाइल येते ती पुन्हा गाडीतल्याच जागेवर. मग तू तेव्हा नक्की किती ओढलं आणि किती फिरवलं ते आठवत बसतोस. अक्षसंच नेऊन बसवला असलास तर नवं मॉडेल जुन्याच्या जागी येऊन बसतं, टूलपाथ पुन्हा गणला की काम झालं. तपासणीवालाही सीएमएम या मोजणी यंत्रावर त्याच गाडीच्या निर्देशांकांत मोजत असतो, त्याच्याशी बोलताना भाषा एकच राहते.

प्रश्न : आमचं बडोद्याजवळ पोर गावात कास्टिंगचं काम आहे. मॉडेलवरचं सपाट पृष्ठ निवडूनच झेड लावला होता, तरी एका टोकाला अलाउन्स (कापायचा जास्तीचा माल) उरतो आणि दुसऱ्या टोकाला कटर खोल जातो. सॉफ्टवेअर चुकतंय का?

उत्तर : पृष्ठ कुठलं निवडलंत? मला वाटतं बाजूची ओतीव भिंत किंवा तिच्याशी जुळणारी पट्टी. साच्यातून पॅटर्न (नमुना) सुटावा म्हणून भिंतींना ड्राफ्ट, म्हणजे किंचित उतार, दिलेला असतो, अंशभर, कधी दोन. डोळ्याला ती भिंत सरळच दिसते. पण १ अंश म्हणजे १०० मिलिमीटर लांबीत पावणेदोन मिलिमीटर! त्या भिंतीवरून अक्ष घेतला की सगळा सेटअप तेवढा कलला.

कास्टिंगमध्ये झेड नेहमी ड्रॉइंगवरच्या डेटम ए (मापांचा मुख्य आधार) वरून घ्या, म्हणजे ज्याचं मशीनिंग होणार आहे त्या पृष्ठावरून. एक्ससाठी ओतीव कडेऐवजी दोन बोअरच्या (मशीन केलेल्या भोकांच्या) केंद्रांना जोडणारी रेषा धरा. आणि पृष्ठ निवडलं की लगेच त्यावरच्या लांबच्या दोन कोपऱ्यांचा झेड मोजा. दोन्हीकडे ०.००० आलं पाहिजे. ०.०३ आलं तर ‘चालतंय’ म्हणू नका, तुम्ही चुकीच्या पृष्ठावर आहात.

प्रश्न : दादा, आमचे हे मशीन सांभाळतात, मी वाघोडिया रोडवर घरून प्रोग्राम करते. पहिली बाजू बरोबर येते, दुसऱ्या बाजूची होलं मात्र विरुद्ध टोकाला. हे म्हणतात प्रोग्राम चुकला, मी म्हणते जॉब चुकीचा लावला. गेल्या आठवड्यात दोन दिवस अबोला होता. तुम्हीच सांगा.

उत्तर : ताई, नवरा-बायकोच्या मध्ये मी पडत नाही, पण या प्रकरणात दोघंही बरोबर आहात. जॉब पालथा घालायच्या दोन पद्धती आहेत. तुमच्या डोक्यात एक होती, त्यांच्या हातात दुसरी.

पुस्तकाचं पान आपण डावी-उजवीकडे उलटतो. पोथीचं सुटं पान खालून वर उलटतात. वाइसमध्ये जॉब पुस्तकासारखा उलटला, म्हणजे वाय अक्षाभोवती, तर मागची बाजू मागेच राहते, डावं टोक उजवीकडे जातं. पोथीसारखा उलटला, म्हणजे एक्सभोवती, तर डावं टोक डावीकडेच राहतं, पण फिक्स जॉला टेकलेली मागची बाजू पुढे, हलत्या जॉकडे येते. जॉब चौकोनी असेल तर तो दोन्ही पद्धतींनी वाइसमध्ये छान बसतो आणि तक्रार करत नाही. म्हणून होलं पडेपर्यंत कोणाला कळत नाही.

यातली बरी कुठली? माझं मत पुस्तकाच्या बाजूने आहे. बहुतेक व्हीएमसीवर वाइसचा फिक्स जॉ मागे असतो, आणि भरवसा त्याचाच. हलता जॉ दाबताना थोडा उचलतो, थोडा सरकतो. पुस्तकासारखा उलटलात तर पहिल्या सेटअपला जी बाजू फिक्स जॉला होती, तीच दुसऱ्यालाही राहते. मात्र मग स्टॉपर उचलून उजवीकडे लावायला हवा आणि कॅममध्ये दुसऱ्या सेटअपचा शून्य मागच्या उजव्या कोपऱ्यात घ्यायला हवा. इथे बरेच जण आळस करतात. स्टॉपर डावीकडेच ठेवतात, त्याला जॉबचं दुसरं टोक लागतं, आणि कापून आणलेल्या तुकड्यांच्या लांबीतला फरक सगळा होलांच्या जागेत उतरतो. पहिल्याच सेटअपला चारही बाजू मारून झाल्या असतील तर गोष्ट वेगळी, मग कुठलंही टोक चालेल.

झेडचंही सांगतो. पहिल्या सेटअपला झेड शून्य तयार पृष्ठावर ठेवा, कच्च्या मालाच्या माथ्यावर नको. गॅस कटिंगच्या प्लेटचा माथा प्रत्येक नगाला वेगळा. दुसऱ्या सेटअपला मात्र शून्य खाली, पॅरललच्या माथ्यावर घ्या, जिथे आता तुमचं तयार पृष्ठ टेकलंय. मग २० मिलिमीटर जाडी हवी तर फेसमिल झेड २०.००० वर चालतो, हिशेबाला मध्ये काही येत नाही. शून्य साठवायचे कोड, पहिल्या सेटअपला जी ५४, दुसऱ्याला जी ५५, हे ठरवून टाका आणि बदलू नका.

आणि भांडण मिटवायचं असेल तर सेटअप शीटवर शब्द लिहू नका, चित्र काढा. फिक्स जॉ जाड रेघेने, स्टॉपर त्रिकोणाने, शून्य ठळक टिंबाने. पहिला सेटअप सोडायच्या आधी जॉबच्या मागच्या डाव्या कोपऱ्यावर मार्करने ठिपका द्यायचा, आणि दुसऱ्या सेटअपच्या चित्रात तो ठिपका कुठे येतो ते दाखवायचं. आमच्याकडे छोटा उदेपूरकडचा एक ऑपरेटर होता. शीट वाचायचा नाही, पण ठिपका बघून लांबूनच ओरडायचा, ‘साहेब, आ तो ऊंधुं छे!’ उंधियुंचं नावही त्याच ऊंधुंवरून, मडकं पालथं घालून शिजवतात म्हणून. ते पालथं चालतं. जॉब नाही.

प्रश्न : मी फाइन आर्ट्सला मूर्तिकला शिकते. मातीचा गणपती स्कॅन करून सागवानात सीएनसी राउटरवर कोरून घ्यायचा आहे. राउटरवाले म्हणाले फाइल वाकडी आहे आणि पावणेदोनशेऐवजी सात मिलिमीटरची दिसते.

उत्तर : सातचं आधी. १७५ ला २५.४ ने भागून बघ. ६.९ येतात, म्हणजे कुठे तरी इंच आणि मिलिमीटरची अदलाबदल झाली. तुझी फाइल एसटीएल असणार. त्यात नुसते त्रिकोण असतात, एकक नसतं. ६.९ हा आकडा मिलिमीटरचा की इंचाचा, हे उघडणारा ठरवतो. स्टेप फाइल एकक सोबत घेऊन येते, पण स्कॅनची स्टेप सहजासहजी होत नाही. म्हणून मातीच्या मूर्तीची उंची टेपने मोजून कागदावर लिहून दे आणि राउटरवाल्यांना तेवढी स्केल करायला सांग. एकक आधी, दिशा नंतर, शून्य सगळ्यात शेवटी. क्रम उलटा केला की प्रत्येक गोष्ट दोनदा करावी लागते.

वाकडेपणाचं कारण, स्कॅनमध्ये सपाट पृष्ठच नाही. कॅमने झेड कुठून घ्यायचा, पोटावरून? पुढच्या वेळी मूर्ती एका सपाट लाकडी पाटावर ठेव आणि पाटासकट स्कॅन कर. पाटावरचे लांब लांबचे तीन बिंदू निवडले की झेड मिळतो, पाटाची कड दिली की एक्स. काम झालं की पाट मॉडेलमधून पुसून टाक.

तुझ्या पत्रात नसलेला प्रश्न मीच विचारतो : गणपती उभा कोरायचा की उताणा? तीन अक्षांचा राउटर फक्त वरून खाली बघतो. वरून नजरेला जे दिसत नाही ते तो कापू शकत नाही. उभा ठेवलास तर सोंडेखालचं पोट जाईल, हातांखालच्या मांड्या जातील. उताणा ठेवलास तर चेहरा, सोंड, पोट सगळं मिळतं, फक्त कानामागचं आणि पाठीकडचं राहतं, ते छिन्नीने कर. सोंडेचं वळण फार पुढे आलं असेल तर मॉडेल पाच-सात अंश कलवून बघ. इथे मी स्वतः मॉडेल फिरवायला सांगतोय, हे मघाच्या मकरपुऱ्याच्या मुलाने वाचू नये. लाकडाचे तंतू मात्र मूर्तीच्या उंचीच्या दिशेने ठेव, नाही तर सोंड हातात येईल.

प्रश्न : मॉडेल उलटं आलं तर मिरर कमांडने सरळ करता येतं का? फिरवण्यापेक्षा सोपं वाटतं. – मांजलपूर

उत्तर : डाव्या पायाची चप्पल कितीही फिरवा, उजव्या पायात होत नाही. मिरर तेच करतं, जे हातांनी कधीच करता येणार नाही. पडद्यावर पार्ट सरळ दिसतो, आणि तो दुसराच पार्ट असतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. २००४ साली एका अमेरिकी कामाचं ड्रॉइंग आलं. आपल्याकडे आयटीआयपासून फर्स्ट अँगल डोक्यात बसलेला, म्हणजे उजवीकडून दिसणारं चित्र डावीकडे काढायचं. अमेरिकेत थर्ड अँगल, उजवीकडून दिसणारं उजवीकडेच. टायटल ब्लॉकमध्ये कापलेल्या शंकूचं चिन्ह असतं, त्यावरून कळतं. मी ते पाहिलं नाही. ड्रॉइंग आणि मॉडेल जुळेनात, तेव्हा ठरवलं की मॉडेलच चुकलंय, आणि मिरर मारून जुळवलं. ईएन ८ पोलादाचे १२ ब्रॅकेट, मापं सगळी अचूक, क्यूसी पास. फिटिंगला गेले तेव्हा एकही बसला नाही. मापात चूक नव्हतीच, बाजूत होती. मालक काही बोलले नाहीत, नुसता एक ब्रॅकेट माझ्या टेबलावर आणून ठेवला. ते जास्त लागलं.

डावा-उजवा जोड खरोखरच करायचा असेल तर दुसऱ्या बाजूची फाइल ग्राहकाकडून मागून घ्या. आणि मॉडेलऐवजी टूलपाथ मिरर करत असाल तर लक्षात ठेवा, क्लाइम्ब कटिंगचं कन्व्हेन्शनल होऊन बसतं (कटरच्या फिरण्याच्या हिशेबाने कापण्याची दिशा उलटते) आणि फिनिश बिघडतो.

प्रश्न : प्रोग्राममध्ये एक्स अधिक जातो, टेबल मात्र डावीकडे पळतं. म्हणजे माझी दिशा उलटी लागली का? – नवीन ऑपरेटर

उत्तर : नाही, बरोबर आहे. प्रोग्राम लिहिताना जॉब स्थिर आणि टूल हलतं असं धरतात. तुमच्या मशीनवर टूल उजवीकडे नेण्याऐवजी टेबल डावीकडे जातं, गोष्ट एकच. टेबलाकडे बघू नका, स्पिंडलवर बसून जॉबकडे बघतोय असं समजा.

तरी शंका असेल तर फॅनुक कंट्रोलवर एक्सटर्नल ऑफसेटच्या (सगळी शून्यं एकदम सरकवणाऱ्या) झेडमध्ये ५० टाका, सिंगल ब्लॉक लावा (एका वेळी एकच ओळ चालते), रॅपिडचा वेग कमी करा आणि सगळा प्रोग्राम जॉबच्या ५० मिलिमीटर वर चालवून बघा. पहिलं होल ड्रॉइंगवरच्या ज्या कोपऱ्यात आहे, त्याच कोपऱ्यावर ड्रिल येऊन थांबलं पाहिजे. दुसऱ्या कोपऱ्यावर गेलं तर रिसेट दाबा आणि प्रोग्रामरला बोलवा. पटलं की ते ५० काढायला विसरू नका. मी एकदा चहाला गेलो आणि विसरलो. मशीनने अर्धा तास मन लावून हवा कापली, आणि मी शेजारी उभा राहून चिप्स का पडत नाहीत म्हणून कूलंट तपासत होतो.